इतिहास विभागाने यंदा काय केलं? वाचकांची पत्रं, बाईंची उत्तरं

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले, की इतिहास विभागांच्या वार्षिक अहवालातलं 'प्राध्यापक, विद्यार्थी व माजी विद्यार्थी यांचे यश' हे पान मी लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'च्या यादीसारखं वाचते. नावं पुष्कळ, पण कोण कोणाचं कोण ते कळत नाही. त्याच लेखात शैलजा पाईक यांच्याबद्दल चार ओळी होत्या. तमाशावरच्या पुस्तकाला अमेरिकेत इतिहासाचं बक्षीस आणि पुढे एक मोठी फेलोशिप मिळालेल्या त्या इतिहासकार. त्यावर एकवीस पत्रं आली. दोन रागाची, एकात माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढलेल्या (तीन, आणि तिन्ही खऱ्या). बाकीच्यांतली काही इथे घेते. तेहतीस वर्षं तालुक्याच्या गावी इतिहास शिकवला, त्यामुळे उत्तरं मास्तरकीच्या सुरात गेली तर सांभाळून घ्या.

आपण नुसती टिंगल केलीत. माझा भाचा एका विद्यापीठात इतिहासाचा सहयोगी प्राध्यापक आहे. त्यांच्या विभागाने वर्षभरात चाळीस शोधनिबंध छापले. हे यश नाही तर काय? (निवृत्त बँक अधिकारी, सातारा)

तुम्ही बँकेत होतात, म्हणून तुमच्याच भाषेत विचारते. शाखेच्या ठेवी वाढल्या एवढं ऐकून तपासनीस चहा पिऊन निघून गेला असता का? त्याने थकीत कर्जांची यादीही मागितली असती. चाळीस निबंध छापले, ठीक. ते वाचले कोणी? आणि वाचून कुणाचं कशाबद्दल मत बदललं?

भाच्याचा यात दोष नाही, हेही लिहिते. बढतीसाठी गुण, गुणांसाठी निबंध आणि निबंधासाठी 'आयएसएसएन' हा नोंदणी क्रमांक असलेलं नियतकालिक, असं ते रहाटगाडगं आहे. बोगस नियतकालिकांना आळा बसावा म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने 'केअर' नावाची मान्य नियतकालिकांची यादी काढली आणि 2025 मध्ये ती बंदही केली. 'पैसे भरा, आठवड्यात छापून देतो' असे निरोप माझ्या मोबाइलवर अजून येतात. मी कधीच निवृत्त झाले, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

यशाचं माझं आवडतं उदाहरण मुंबई विद्यापीठातलं आहे. तिथल्या इतिहास विभागाचे प्रमुख होते जे. व्ही. नाईक. आमच्या पिढीने परीक्षेसाठी घोकलं होतं, की हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडात वाहून जाते हा आर्थिक निःसारणाचा सिद्धांत दादाभाई नौरोजींचा, साल 1867. मी स्वतः फळ्यावर तसं किती वेळा लिहिलं असेल! नाईकसरांनी जुन्या वृत्तपत्रांच्या फायली उघडल्या आणि दाखवून दिलं, की हेच म्हणणं मुंबईतला एक पंचविशीतला तरुण 1841 सालीच 'बॉम्बे गॅझेट'मध्ये पत्रं लिहून मांडत होता. त्याचं नाव भास्कर पांडुरंग तर्खडकर. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचा हा धाकटा भाऊ. पत्राखाली खरं नाव नाही, सही 'अ हिंदू' अशी. इंग्रजांच्याच शाळेत शिकलेल्या इंग्रजीत इंग्रजांना विचारलेले प्रश्न, तेही 1857 च्या सोळा वर्षं आधी. त्याच्या बरोबरीने पत्रकार भाऊ महाजन होते, 1843 साली मराठीत पुस्तक लिहिणारे रामकृष्ण विश्वनाथ होते. म्हणजे एखादा माथेफिरू पत्रलेखक म्हणून सोडून द्यावा अशातला प्रकार नव्हता, ती मुंबईतल्या मराठी तरुणांची एक विचारधाराच होती.

पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य सव्वीस वर्षं मागे सरकलं. त्यासाठी किती निबंध लागले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भास्कर पांडुरंग मात्र तिशी ओलांडल्यावर लगेच, 1847 मध्ये वारले. त्यांना आठवायला दीडशे वर्षं आणि एक चिकाटीचा प्राध्यापक लागला. तुमच्या भाच्याच्या चाळिसांत असा एक निघाला, तर मी साताऱ्याला येऊन पेढे वाटेन. कंदीच.

माझी मुलगी इतिहासात एम.ए. करते आहे. नातेवाईक सारखे 'पुढे काय?' विचारतात. तुम्ही लिहिलेल्या शैलजा पाईक यांना मिळालेल्या फेलोशिपचा अर्ज कुठे मिळतो? शेवटची तारीख काय? (एक आई, श्रीरामपूर)

ताई, अर्ज नाही आणि तारीखही नाही. मॅकआर्थर फाउंडेशन ही अमेरिकेतली संस्था गुपचूप शिफारशी मागवते, गुपचूप छाननी करते आणि एक दिवस थेट फोन करते. लोक तिला 'जीनियस ग्रँट' म्हणतात, संस्था स्वतः तो शब्द टाळते. ऑक्टोबर 2024 मध्ये ती बावीस जणांना मिळाली, त्यांत सिनसिनाटी विद्यापीठातल्या इतिहासाच्या प्राध्यापक शैलजा पाईक होत्या. आठ लाख डॉलर, पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. तेव्हाच्या भावाने साडेसहा कोटींच्या वर. त्यांचं काय केलंत, असा हिशेब मागत नाहीत. आमच्याकडे चर्चासत्राच्या चहाची पावती नसली तर लेखा विभाग फाइल परत पाठवायचा, म्हणून मला हे वाक्य दोनदा वाचावं लागलं.

तुम्हाला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे पाईक यांचा जन्म पोहेगावचा. कोपरगाव तालुका, तुमच्यापासून फार लांब नाही. वाढल्या येरवड्याच्या झोपडपट्टीत, एका खोलीच्या घरात, चौघी बहिणींतल्या एक. पुणे विद्यापीठातून 1994 ला बी.ए., 1996 ला एम.ए. पुढे फोर्ड फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात पीएच.डी., ती 2007 मध्ये पुरी झाली. ही फेलोशिप मिळवणाऱ्या दलित समाजातल्या त्या पहिल्या. आता हे आकडे ओळीने मांडले की सरळ रस्ता वाटतो. 1996 ते 2007 मधली अकरा वर्षं बघा. त्या अकरा वर्षांत तुमच्या नातेवाइकांसारख्याच कुणी ना कुणी 'पुढे काय?' विचारलंच असणार.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर स्पष्ट सांगते. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, द्यावी. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर महिना 37,000 रुपये मिळतात, त्यात मुलगी पुण्यात राहून संशोधन करू शकते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची तशीच सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं, तीही द्यावी. पण सेट झाली म्हणजे नोकरी लागली असं कुणी सांगितलं, तर त्याला तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या कुठल्याही मुलाशी पाच मिनिटं बोलायला बसवा. खालचं एक पत्र तशाच एकाचं आहे. इतिहास तिला मनापासून आवडतो का, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही. तो आधी तिला विचारा.

बाई, आमची हयात तमाशा बघण्यात गेली. नारायणगावला राहुट्या लागल्या की आम्ही मित्रमंडळी आजही चक्कर मारतो. पण तमाशावर पुस्तक लिहून इतिहासाचं बक्षीस कसं मिळतं? त्यात इतिहास काय? (शेतकरी, वय 74, जुन्नर तालुका)

दादा, एकवीस पत्रांत मला सगळ्यांत आवडलेलं पत्र हे तुमचं. आणि याचं उत्तर देणं मला सगळ्यांत जड जातंय. का, ते शेवटी सांगते.

राहुट्या तुम्ही पाहता. पाडव्याच्या आसपास फडमालक तिथे तळ देऊन बसतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते. अमुक फड अमुक गावाला, अमुक रकमेला. ती रक्कम, ती बोली, कोणत्या गावाने कोणाला नाकारलं, बायांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हा सगळा इतिहासच आहे की. फक्त तो कुठल्या सरकारी दफ्तरात बांधून ठेवलेला नाही.

पठ्ठे बापूराव तुम्हाला मी सांगायला नको. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. गावचं कुलकर्णीपण सोडून तमाशात शिरले. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या, चरित्रं निघाली, नावाने पुरस्कार आले. आणि त्यांच्या फडात जिच्यासाठी गर्दी लोटायची ती पवळा? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. बापूराव ब्राह्मण असून तमाशात गेले याला आपण 'त्याग' म्हटलं. पवळा तमाशात होती, त्याला काय म्हटलं? पाईकबाईंचं 2022 चं पुस्तक या जागेवर बोट ठेवतं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'जातीची अश्लीलता' असं काहीसं होईल. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने 2023 मध्ये त्याला दक्षिण आशियाच्या इतिहासासाठीचं जॉन एफ. रिचर्ड्स पारितोषिक दिलं.

त्या इंग्रजी पुस्तकाचे खांब मराठी शब्दांचे आहेत, याची मला मोठी गंमत वाटली. अश्लील. असली. माणुसकी. 'अश्लील' कोणाला म्हणायचं हे ठरवतं कोण? स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, मग समिती बसवली, मग अटी घालून परवानगी दिली. पुढे तीच लावणी महाराष्ट्राची 'असली' कला म्हणून सरकारी महोत्सवात आली, पण नऊवारी आणि घुंगरू आले तसे त्या बाया आल्या का? बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांची देणगी नाकारली असं सांगतात, महार बायांना नाचवून मिळवलेला पैसा नको म्हणून. आमच्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं दोन बाजूंनी तावातावाने भांडायची. पवळाचं काय म्हणणं असेल, हे मात्र एकाही वर्षी एकाही मुलाने विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर तर तुमच्याच तालुक्यातल्या. फडाच्या मागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट तुम्ही लोकांनी कौतुकाने सांगितलेली मी ऐकली आहे. कौतुक कशाचं करतो आपण, असा प्रश्न त्यावर विचारता येतो ना? पाईकबाईंनी विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्यासारख्या कलावंत बायांशी बोलून, त्यांच्याच तोंडून ऐकून हे लिहिलं आहे.

आता ते जड गेलेलं. 1990 च्या आसपास आमच्या कॉलेजात एम.ए. नुकतं सुरू झालं होतं. एक मुलगा आला, म्हणाला, लघुप्रबंध आपल्या तालुक्यातल्या फडांवर करतो. मी विचारलं, "साधनं कुठली देणार?" तो म्हणाला, "आजोबा आहेत की. चाळीस वर्षं ढोलकी वाजवली त्यांनी." मी म्हटलं, "अरे, आजोबा म्हणजे साधन नव्हे." आणि त्याला सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालांवर बसवलं. त्याने निमूटपणे साठ पानं लिहिली, पहिला वर्ग मिळवला. आमच्या विभागाच्या यशाच्या यादीत त्या वर्षी ते ठळक टाइपात आलं. मीच ती यादी केली होती. आजोबा पुढच्या वर्षी गेले.

दादा, तुमचं वय 74. नातवंडांत कोणी हायस्कुलात असेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायला सांगा आणि बोला. कोणता फड, कोणतं साल, तिकीट किती, पटांगणात कोण पुढे बसायचं आणि कोणाला मागे उभं राहावं लागायचं. शेवटचं विसरू नका.

मी एम.ए. भाग दोनला आहे. मोडीचा पेपर घ्यावा का? सिनियर म्हणतात मोडी म्हणजे आउटडेटेड, त्यापेक्षा टुरिझम घे. (विद्यार्थी, बार्शी)

घे. टुरिझमही वाईट नाही, पण मोडी घे.

कारण सांगते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, रुमालांत बांधलेले. रियासतकार सरदेसायांनी 1930 च्या दशकात त्यातून वेचून पंचेचाळीस खंड काढले. पंचेचाळीस म्हणजे किती मोठं काम वाटतं! पण दफ्तराच्या मानाने ते पोत्यातून काढलेलं मूठभर धान्य. बाकीचं पोतं मोडी येणाऱ्याची वाट बघतंय.

आणि मोडी म्हणजे नुसती वळणं शिकणं नव्हे. आधी पानभर आडवी रेघ, मग तिला अक्षरं टांगत जायची, हात न उचलता. हे पंधरा दिवसांत येतं. खरी मेख पुढे आहे. समज तुला कागदावर दिसलं, 'इहिदे सितैन मया व अलफ'. तू म्हणशील, हे काय मंत्र आहेत? ते साल आहे. अरबी आकडे आहेत ते: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज 1161. हा सुहूर सन. तो मृग लागला की बदलतो, कारण शेतसाऱ्याचं वर्ष पावसाबरोबर सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळव, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मग 1161 च्या सनातली संक्रांत कोणती? जानेवारी 1761. पानिपत. हे गणित पहिल्यांदा स्वतःच्या हाताने जमलं तेव्हा मी वसतिगृहाच्या खोलीत उठून उभी राहिले होते. तारखेच्या आधी 'छ' दिसला तर गोंधळू नकोस, तो 'चंद्र'चा छ, म्हणजे पुढची तारीख मुसलमानी चांद्र महिन्याची.

आउटडेटेड म्हणणाऱ्या सिनियरला प्राची देशपांडे यांचं काम दाखव. फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी, अमेरिकेत पीएच.डी., काम कोलकात्याच्या सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेसमध्ये. 2020 चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना मानव्यविद्यांसाठी मिळालं. त्यांचं पहिलं पुस्तक, 2007 चं, बखरींपासून पुढे मराठ्यांच्या इतिहासाची आठवण कशी घडत गेली यावर. आणि 2023 चं दुसरं तर मोडीवरच! कागदात काय लिहिलंय एवढंच त्या बघत नाहीत. लिहिणारा कारकून कोण, तो शिकला कसा, त्याला लेखणीमुळे सत्ता कशी मिळाली, आणि छापखाना आल्यावर बाळबोध, म्हणजे देवनागरी, पुढे जाऊन मोडी मागे कशी पडली, हे त्या विचारतात. तुझ्या सिनियरला आउटडेटेड वाटतं त्याच गोष्टीचा इतिहास होतो तो असा.

पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, भारत इतिहास संशोधक मंडळातही होतात. फी किरकोळ असते. बार्शीहून पुणे लांब पडतं हे मान्य, पण सुट्टीत मावशी-आत्याकडे राहून लोकांनी याहून अवघड गोष्टी शिकल्या आहेत.

नाव काढणारे सगळे बाहेर गेलेलेच का? आम्ही इथे राहिलो हा आमचा गुन्हा आहे का? (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, लातूर)

गुन्हा नाही. पण तुमचा प्रश्न कडवट आहे आणि त्याला गोड उत्तर देऊन मी तुमची थट्टा करणार नाही. तिकडे प्राध्यापकाला वर्षभर शिकवण्यातून मोकळीक घेऊन दफ्तरात बसता येतं. तुम्ही आठवड्याचे तास मोजून दोन गावांत शिकवता, मार्च-एप्रिलमध्ये पेपर तपासता आणि मानधन दिवाळीपर्यंत येईल का याची चौकशी करता. या दोघांची एकाच यादीत तुलना करणारा माणूस हिशेबात कच्चा आहे.

तरी एक आठवण करून देते. इंडियन हिस्टरी काँग्रेस, देशभरच्या इतिहासकारांचं सगळ्यांत मोठं व्यासपीठ, जन्मलं पुण्यात, 1935 साली, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या अंगणात. दत्तो वामन पोतदारांनी घडवून आणलं. आणि हे मंडळ म्हणजे विद्यापीठ नव्हे, राजवाडे-मेहेंदळे या मंडळींनी 1910 मध्ये काढलेली संस्था. राजवाडे तर कुठल्या पगारावर नव्हते. गावोगाव हिंडून, माळे धुंडाळून, लोकांच्या विनवण्या करून कागद जमवले. तुम्ही म्हणाल, बाई, 1910 ची उदाहरणं देऊन आमचं पोट भरत नाही. बरोबर आहे. पगाराची मागणी पगाराचीच राहू द्या, तिच्यावर राजवाड्यांचं पांघरूण कुणी घालू नये. मी एवढंच म्हणते, की लातूरला बसून करता येईल असं, सिनसिनाटीला बसून कधीही करता येणार नाही असं काम आहे. निजामाच्या राजवटीतलं तुमच्या भागातलं शेतजमिनीचं दफ्तर, उर्दू वाचणारा एखादा म्हातारा शेजारी, 1948 च्या हैदराबादवरच्या पोलिस कारवाईची आठवण असणारी शेवटची माणसं. या यादीतलं तिसरं दर महिन्याला कमी होतंय.

पोर्तुगीज शिकल्याशिवाय गोव्याच्या इतिहासात पीएच.डी. करता येईल का? (विद्यार्थिनी, डिचोली)

नाही. म्हणजे पदवी मिळेल, इतिहास मिळणार नाही. पणजीचं पुराभिलेखागार म्हणजे 1595 मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोतु याच्या ताब्यात दिलेलं दफ्तर, आशियातल्या जुन्यांपैकी एक. पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्यातूनच मराठे आणि पोर्तुगीज यांचे संबंध उलगडले. पोर्तुगीज घे, आणि मराठीही सोडू नकोस. दोन्ही येणारी माणसं मोजकीच आहेत, तुझ्या विभागप्रमुखांना ते माहीत आहे.

माजी विद्यार्थी तहसीलदार झाला तर तो इतिहास विभागाच्या यशात धरायचा का? (ग्रंथपाल, सांगली)

धरा. फक्त त्याला तहसील कचेरीतली जुनी फेरफार रजिस्टरं रद्दीत जाऊ देऊ नकोस म्हणून सांगा. तेवढं केलं तर दुसऱ्यांदाही धरा.

आमच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांचे चार रुमाल सापडले. पणजोबा कुलकर्णी होते. विद्यापीठाचा इतिहास विभाग घेईल का? देण्याआधी लॅमिनेशन करून घेऊ का? (गृहिणी, वाई)

लॅमिनेशन? हात जोडते, नको! उष्णतेने कागद आणि प्लॅस्टिक एकजीव होतात, मग ते पुन्हा सोडवता येत नाहीत. सेलोटेपही नको. पिवळी पडते, गोंद कागदात उतरतो आणि अक्षर खातो. फाटलेलं फाटलेलंच राहू द्या.

आधी काय आहे ते बघू. कुलकर्ण्यांच्या घरचे कागद म्हणजे बहुधा गावचा जमाखर्च, शेतसाऱ्याचे आकार, इनामाचे तंटे, वतनाची भांडणं. 'आमच्या घरात काय, राजेमहाराजांचं थोडंच असणार' असं म्हणून लोक ते देतात फेकून. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरचे दोन रुमाल त्याच्या काकांनी मोडीवाल्याला दिले. मोडीवाला म्हणजे भंगारवाला, लिपीवाला नव्हे. किलोवर गेले. पोराने आठ दिवसांनी मला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं बाजारपेठेतल्या रद्दीच्या दुकानांत हिंडलो. एका दुकानात भेळेचे पुडे बांधून ठेवले होते. एक पुडा सोडून पाहिला, त्यावर 'छ' होता.

विभाग घेईल की नाही हे विभागावर आहे. तिथे मोडी वाचणारं कोणी असलं तर उड्या मारत येतील. नसलं तर पुराभिलेख विभागाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला पत्र लिहा. कागद दान न करता नुसते स्कॅन करू द्यायचे, असंही करता येतं, तसं स्पष्ट विचारा. कुणालाही देताना पावती घ्या आणि पावतीवर कागदांची संख्या असू द्या. कोणी घरी येऊन 'बघतो आणि परत देतो' म्हणाला, तर तो कितीही मोठा संशोधक असो, आधी चहा द्या आणि मग सांगा, इथेच बसून बघा.

तोवर ट्रंक माळ्यावरून खाली आणा, भिंतीला टेकवू नका, ओल येते. कसर लागलेला रुमाल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. काही लिहायचं तर वेगळ्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने. आणि रुमाल सोडायची घाई करू नका. ज्या क्रमाने कागद ठेवलेत तो क्रम तुमच्या पणजोबांनी लावलेला आहे, एकदा विस्कटला की कोणालाच परत लावता येणार नाही. सोडायचाच झाला तर दिवसा, कोरड्या हातांनी, एका वेळी एकच. गाठ सोडण्याआधी गाठीचा फोटो काढा.